या विषयातलं कोण आहे?

१७ एप्रिल २०१३ रोजी ‘अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’ या नियतकालिकाकडे एक शोधनिबंध आला. लेखक यिटांग झांग, वयाची पन्नाशी ओलांडलेले, न्यू हॅम्पशायर विद्यापीठातले एक साधे अध्यापक. पीएच.डी.नंतर बरीच वर्षं त्यांना विद्यापीठात जागा मिळाली नव्हती, काही काळ तर सँडविचच्या दुकानात काम करावं लागलं होतं. नावावरचे शोधनिबंध हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. निबंधातला दावा मात्र थक्क करणारा होता: लागोपाठच्या ज्या दोन मूळ संख्यांमधलं अंतर सात कोटींहून कमी आहे, अशा जोड्या अनंत आहेत. सात कोटी हा आकडा मोठा वाटतो, पण त्याआधी अशी कोणतीच मर्यादा कोणालाही सिद्ध करता आली नव्हती.

गणितातल्या गाजलेल्या प्रश्नांवर चुकीच्या सिद्धता घेऊन येणारे निबंध संपादकांना नवे नसतात. हा निबंध बाजूला ठेवायचा की वाचायला द्यायचा, आणि द्यायचा तर कोणाला? ज्यांच्याकडे तो गेला त्यांत हेन्रिक इवान्येट्स होते. १९८०च्या दशकात बोम्बिएरी आणि फ्रीडलँडर यांच्या साथीनं त्यांनी जी हत्यारं घडवली होती, त्यांच्याच आधारावर झांग पुढे गेले होते. सिद्धतेतला दुवा कुठे तुटू शकतो हे सांगू शकणारी माणसं जगात मोजकीच, आणि हे त्यांतले एक. २१ मे रोजी निबंध स्वीकारला गेला. एरवी अशा नियतकालिकात या कामाला महिनोन्‌महिने, कधी वर्षंही लागतात.

या एका घटनेत दोन जाणकार आहेत. इवान्येट्स यांचं नाव संख्यासिद्धान्ताच्या कोणत्याही यादीत वर सापडलं असतं. झांग यांचं कोणत्याच यादीत सापडलं नसतं. शिवाय इवान्येट्स योग्य ठरले ते यादीत वर होते म्हणून नव्हे. समोरच्या निबंधाला नेमकी जी समज लागत होती, ती त्यांच्याकडे होती. जाणकार शोधणं आणि जाणकारांना क्रम लावणं ही दोन वेगळी कामं आहेत. गेल्या सव्वाशे वर्षांत विद्वानांच्या जगानं दोन्ही कामांसाठी साधनं घडवली. त्यातली बरीचशी शोधण्यासाठी जन्मली आणि क्रम लावण्यासाठी वापरली गेली. त्यातून काय मिळालं आणि काय बिघडलं, हे पाहायचं तर सुरुवात न्यूयॉर्कपासून करावी लागते.

कोलंबिया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जेम्स मॅक्कीन कॅटेल यांना मोजमापाचं वेड होतं. ‘सायन्स’ या साप्ताहिकाचे ते संपादक होते आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांची एक मोठी सूची तयार करत होते. ‘अमेरिकन मेन ऑफ सायन्स’ या नावानं ती १९०६ साली छापली गेली. तीत चार हजारांहून अधिक नोंदी होत्या आणि त्यांतल्या हजार नावांपुढे एक चांदणी होती. चांदणी कोणाला द्यायची हे कॅटेल यांनी स्वतःच्या मनानं ठरवलं नव्हतं. विज्ञानाच्या बारा शाखा घेऊन त्यांनी प्रत्येक शाखेतल्या दहा मान्यवरांना त्या शाखेतल्या माणसांची नावं दिली आणि कामाच्या थोरवीनुसार ती लावून द्यायला सांगितलं. मग प्रत्येक नावाच्या दहा स्थानांची सरासरी काढली. इतकंच नव्हे, तर ते दहा जण एकमेकांपासून किती दूर आहेत, म्हणजे सरासरी किती डळमळीत आहे, हेही मांडलं. वरच्या नावांबद्दल परीक्षकांचं बऱ्यापैकी जमत होतं. खाली जावं तसतसा गोंधळ वाढत होता.

हा दुसरा आकडा फार मोलाचा होता. शंभराव्या आणि एकशेविसाव्या माणसातला फरक खरा आहे की निव्वळ योगायोगाचा, हे त्यावरून कळतं. आजच्या बहुतेक क्रमवाऱ्यांत तो छापलेलाच नसतो.

कॅटेल यांनी क्रम मात्र गुप्त ठेवला. कोणाला चांदणी आहे हे सगळ्यांना दिसत होतं, कोण कितवा हे दिसत नव्हतं. मानसशास्त्रज्ञांचा १९०३चा क्रम प्रसिद्ध झाला तो थेट १९३३ साली. पहिल्या जागी विल्यम जेम्स होते, यात आश्चर्य नव्हतं. पन्नास जणांत बाराव्या जागी मात्र मेरी व्हिटन काल्किन्स होत्या. याच काल्किन्स यांनी हार्वर्डमध्ये पीएच.डी.ची सगळी तयारी पूर्ण केली होती. परीक्षकांनी, त्यात जेम्सही होते, त्यांना उत्तम ठरवलं होतं. तरी त्या स्त्री असल्यामुळे हार्वर्डनं पदवी नाकारली. म्हणजे संस्थेनं ज्यांना दारात उभं केलं नाही, त्यांना त्याच विषयातल्या सहकाऱ्यांनी गुपचूप विचारल्यावर वरच्या रांगेत बसवलं. क्रमवारीवर टीका करताना ही गोष्ट विसरू नये. नीट विचारलेला प्रश्न कधीकधी पद आणि पदवी यांच्या पलीकडचं सत्य बाहेर काढतो.

कॅटेल यांच्या पद्धतीची मर्यादाही उघड आहे. ते दहा जण ज्यांना ओळखतात तेच यादीत येतात. जी शाखा अजून जन्मलेलीच नाही, तिला तर दहा मान्यवरच नसतात.

माणसांना विचारण्याऐवजी कागद मोजावेत, ही कल्पना १९२०च्या दशकात आली. मेट्रोपोलिटन लाइफ या विमा कंपनीत काम करणारे आल्फ्रेड लोटका यांनी १९२६ साली रसायनशास्त्राच्या आणि भौतिकीच्या सूच्या घेऊन कोणी किती निबंध लिहिले ते मोजलं. एकच निबंध लिहून थांबलेले लेखक सुमारे ६० टक्के निघाले. दोन लिहिणारे त्यांच्या एक चतुर्थांश, तीन लिहिणारे एक नवमांश, अशी ती उतरंड होती. थोडे लोक खूप लिहितात आणि खूप लोक थोडं लिहितात, हे आता आकड्यांत दिसलं. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या पोमोना कॉलेजमध्ये ग्रॉस आणि ग्रॉस या दोन अभ्यासकांनी एक साधा घरगुती प्रश्न सोडवला. छोट्या कॉलेजच्या ग्रंथालयानं मर्यादित पैशांत रसायनशास्त्राची कोणती नियतकालिकं घ्यावीत? त्यांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकाचा १९२६चा खंड उघडला आणि त्यातल्या तळटीपांत कोणत्या नियतकालिकांचे दाखले किती वेळा येतात ते मोजलं. दाखल्यांची मोजणी इथून सुरू झाली, पुस्तकांच्या खरेदीसाठी.

यूजीन गारफील्ड यांचं कामही असंच शोधण्याच्या गरजेतून उभं राहिलं. अमेरिकेतले वकील १८७३पासून ‘शेपर्ड्स’ नावाची सूची वापरत. एखादा जुना निकाल पुढच्या कोणत्या निकालांत उद्धृत झाला, तो अजून टिकून आहे की फिरवला गेला, हे त्यात पाहता येई. गारफील्ड यांनी १९५५ साली ‘सायन्स’मध्ये मांडलं की विज्ञानालाही अशी सूची हवी. जुन्या निबंधाचा दाखला देणारा माणूस आधी त्यावर कोणी आक्षेप घेतला आहे का, हे त्यात पाहू शकेल. एका निबंधापासून निघून त्या विषयावर आज काम करणाऱ्यांपर्यंत तो पोचू शकेल. १९६० साली त्यांनी फिलाडेल्फियात संस्था काढली आणि १९६४ साली ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ बाजारात आणला. हे साधन हाती येताच निवड समित्यांच्या आणि कुलगुरूंच्या लक्षात आलं की यात माणसांपुढे आकडेही लिहिता येतात. वाट दाखवणारी सूची तिथून गुणपत्रिका होऊ लागली.

यंत्रानं माणूस शोधण्याचा पहिला महत्त्वाचा प्रयोग विद्यापीठात झालाच नाही. तो १९८८ साली न्यू जर्सीतल्या बेलकोर या दूरसंचार संशोधन संस्थेत झाला. हजारो अभियंत्यांच्या संस्थेत कोणत्या विभागाला काय येतं हेच कोणाला माहीत नसे. लिन स्ट्रीटर आणि कॅरन लॉकबाम यांनी प्रत्येक गटानं लिहिलेले कागद संगणकाला दिले. विचारणाऱ्यानं आपली अडचण साध्या इंग्रजीत लिहायची आणि यंत्रानं कोणत्या गटाकडे जावं ते सांगायचं. शब्द नेमके जुळले नाहीत तरी अर्थानं जवळचे कागद ओळखण्याची पद्धत त्यांनी वापरली. ‘तू काय येतं म्हणतोस’ यापेक्षा ‘तू काय लिहून ठेवलं आहेस’ याच्यावर भरवसा ठेवायचा, हे तत्त्व तिथे रुजलं आणि आजही तेच चालतं.

२००५ साली या प्रश्नाला स्पर्धेचं रूप आलं. माहितीशोधाच्या पद्धती तपासण्यासाठी अमेरिकेची राष्ट्रीय मानक संस्था १९९२पासून ‘ट्रेक’ नावाचा उपक्रम चालवते. त्यात तज्ज्ञशोधाचा विभाग सुरू झाला. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संघटनेचे ३,३१,०३७ दस्तऐवज आणि १,०९२ माणसांची नावं स्पर्धकांना देण्यात आली. विषय सांगितला की जाणकारांची क्रमवार यादी द्यायची.

अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातले क्रिस्टियान बालोग आणि त्यांचे सहकारी यांनी २००६ साली या कामाच्या दोन वाटा स्वच्छ मांडल्या. गावात कार्य आहे आणि उत्तम पुरणपोळी करणारी आचारीण हवी आहे, असं समजा. एक वाट अशी: प्रत्येकीनं आजवर केलेले सगळे पदार्थ एकत्र मांडायचे आणि त्या पसाऱ्यात पुरणपोळी किती आणि कशी आहे ते पाहायचं. दुसरी वाट: गावातल्या सगळ्यांत चांगल्या पुरणपोळ्या आधी चाखायच्या आणि मग त्या कोणी केल्या ते विचारायचं. पहिलीत माणसापासून विषयाकडे जातो. दुसरीत विषयापासून कागदाकडे आणि कागदापासून माणसाकडे. बालोग यांच्या तपासणीत दुसरी वाट सरस ठरली. पहिल्या वाटेत पंधरा विषयांवर लिहिणाऱ्या माणसाचा पसारा इतका मिश्र होतो की त्यातला एक विषय कितीही चांगला असला तरी फिका पडतो. दुसरीत तो चांगला कागद स्वतःच्या बळावर वर येतो आणि लेखकाला बरोबर आणतो. तिचीही फसगत होते. ज्याचं नाव सवयीनं प्रत्येक कागदावर टाकलं जातं, तो गटप्रमुखही तिच्यामुळे वर येतो.

पण यंत्राचं उत्तर बरोबर की चूक, हे ठरवायचं कशावरून? तज्ज्ञशोधाच्या संशोधनातला हा सर्वांत अवघड आणि सर्वांत कमी बोलला जाणारा भाग आहे. २००५च्या स्पर्धेत विषय म्हणून संघटनेच्या कार्यगटांची नावं घेतली आणि त्या गटांचे सभासद हेच जाणकार मानले. गटाबाहेरचा खरा जाणकार यंत्रानं शोधून काढला, तर ती चूक मोजली गेली. नेदरलँड्समधल्या टिलबर्ग विद्यापीठाच्या माहितीवर बांधलेल्या चाचणीत प्राध्यापकांनी आपापल्या नावापुढे स्वतः निवडलेले विषय खरे धरले. कोणी उदारपणे वीस विषय लिहितो, कोणी संकोचानं दोन. २००७ साली ‘ट्रेक’नं ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेचे दस्तऐवज घेतले. बाहेरचे लोक चौकशी करतात तेव्हा त्यांना योग्य शास्त्रज्ञाकडे पाठवणं हे तिथल्या विज्ञान-संवादकांचं रोजचं काम. या विषयासाठी तुम्ही कोणाला गाठाल, असं त्यांना विचारलं. उत्तरं छोटी आली, बहुतेक विषयांना मोजकीच नावं. तीन मापदंडांत हा सर्वांत खरा वाटतो, कारण यात कोणीतरी खरोखर मदत मागत होतं आणि ती कुठून मिळेल हे ठाऊक असलेल्या माणसानं उत्तर दिलं होतं.

कागदांइतकंच महत्त्व त्यांच्यामधल्या धाग्यांना आहे. सगळे दाखले सारख्या वजनाचे नसतात. ज्याचे स्वतःचे दाखले खूप आहेत त्यानं दिलेला दाखला जड धरावा, हा विचार गॅब्रिएल पिन्स्की आणि फ्रान्सिस नॅरिन यांनी नियतकालिकांसाठी १९७६ साली गणितात बसवला. बावीस वर्षांनी सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी तसाच विचार वेबपानांना लावला आणि त्यातून गूगल उभं राहिलं. मग तोच विचार परत विद्वानांच्या जगात आला आणि निबंधांच्या, सहलेखकांच्या जाळ्यांवर माणसांची वजनं काढली जाऊ लागली. चीनमधल्या च्हिंगह्वा विद्यापीठात २००६पासून वाढलेली ‘एमायनर’ ही व्यवस्था मजकूर आणि जाळं या दोन्हींच्या आधारे संशोधक शोधते.

जाळ्यावर विसंबण्यात एक धोका मात्र मुरलेला आहे. ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे आणखी येतं. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ साली याला ‘मॅथ्यू परिणाम’ असं नाव दिलं. एकाच निबंधावर एक प्रसिद्ध आणि एक अप्रसिद्ध नाव असलं की श्रेय प्रसिद्ध नावाकडे वाहत जातं. मर्टन यांचं लेखन ज्या मुलाखतींवर उभं होतं, त्या नोबेल विजेत्यांच्या मुलाखती हॅरिएट झुकरमन यांनी आपल्या प्रबंधासाठी घेतल्या होत्या. तो निबंध दोघांच्या नावावर यायला हवा होता, असं मर्टन यांनी काही वर्षांनी स्वतः लिहिलं. तरी आजही दाखल्यांत नाव येतं ते एकट्या मर्टन यांचं. पुढे इतिहासकार मार्गारेट रॉसिटर यांनी स्त्रियांचं श्रेय पुरुषांच्या नावावर जाण्याच्या प्रकाराला वेगळं नाव दिलं, तेव्हा त्यांच्यासमोरच्या उदाहरणांत हेही एक होतं.

नावांचाच प्रश्न निघाला आहे तर आणखी एक अडचण सांगायला हवी, कारण ती ऐकायला क्षुल्लक आणि व्यवहारात प्रचंड आहे. संगणकशास्त्रातल्या निबंधांची ‘डीबीएलपी’ ही सूची १९९३ साली जर्मनीतल्या ट्रियर इथं सुरू झाली. तिच्यात ‘वेई वांग’ या नावाचे इतके संशोधक आहेत की त्यांना नावापुढे चार आकडी क्रमांक द्यावे लागले आणि ते शंभरच्या पुढे गेले. एस. पाटील, ए. कुलकर्णी, व्ही. जोशी या नावांचं दुखणं मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईचे आधीचे निबंध एका नावावर आणि नंतरचे दुसऱ्या नावावर पडतात. यंत्राच्या दृष्टीनं दोन मध्यम संशोधक तयार होतात आणि एक चांगली संशोधक नाहीशी होते. दुसरीकडे तीन पाटलांचं काम एकाच्या खात्यात जमा होऊन एक अचाट विद्वान जन्माला येतो. यावर उपाय म्हणून ऑक्टोबर २०१२पासून ‘ऑर्किड’ हा सोळा अंकी ओळखक्रमांक मिळू लागला. भारतात गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची ‘विद्वान’ ही तज्ज्ञसूची देशभरातल्या प्राध्यापकांची आणि शास्त्रज्ञांची माहिती ठेवते. अशा सूच्यांचं खरं मोल हेच आहे: आधी माणूस एक आहे की तीन, हे पक्कं करणं.

त्याआधीच, २००५ साली, क्रम लावणं फारच सोपं झालं होतं. सॅन दिएगोमधले भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हर्श यांनी एच-निर्देशांक मांडला. ज्याच्या किमान वीस निबंधांना प्रत्येकी किमान वीस दाखले आहेत आणि एकवीस निबंधांना प्रत्येकी एकवीस नाहीत, त्याचा एच वीस. एका आकड्यात कामाचं प्रमाण आणि प्रभाव दोन्ही. हर्श यांच्या पहिल्या लेखात सैद्धान्तिक भौतिकीतले एडवर्ड विटन ११०वर होते. हा आकडा वणव्यासारखा पसरला, नेमणुकांत, बढत्यांत, पुरस्कारांत शिरला. पंधरा वर्षांनी, २०२०मध्ये, हर्श यांनीच लिहिलं की या निर्देशांकाचे अनपेक्षित आणि गंभीर दुष्परिणाम होऊ शकतात.

दुष्परिणामांची उदाहरणं शोधावी लागत नाहीत. २०१० साली फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या सिरिल लाबे यांनी आइक अँटकारे नावाचा एक काल्पनिक शास्त्रज्ञ निर्माण केला. संगणकानं रचलेले सुमारे शंभर निरर्थक निबंध एकमेकांचे दाखले देत वेबवर ठेवले आणि गूगल स्कॉलरच्या आकड्यांवरून अँटकारेचा एच ९४वर नेऊन दाखवला. हा इशारा होता. पुढे अशी बनवाबनवी खऱ्या माणसांसाठी पैसे घेऊन होऊ लागली. आणि फसवणूक नसतानाही आकडा बोलतो कमी. २०१५ साली हिग्ज कणाचं वस्तुमान सांगणारा एक निबंध ५,१५४ जणांच्या नावांनी प्रसिद्ध झाला. त्याची ३३ पानं होती आणि त्यांतली २४ लेखकांची व त्यांच्या संस्थांची यादी होती. या निबंधाचा प्रत्येक दाखला ५,१५४ खात्यांत जमा होतो. ज्यांच्या नावावर तो कण आहे, त्या पीटर हिग्ज यांनी १९६४नंतर दहाहूनही कमी निबंध लिहिले. आजच्या काळात आपल्याला नोकरीच मिळाली नसती, असं ते नोबेल घ्यायला निघताना म्हणाले होते.

दरवर्षी सप्टेंबरच्या सुमारास महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांत एक बातमी ठरलेली असते: अमुक विद्यापीठाचे इतके प्राध्यापक जगातल्या आघाडीच्या दोन टक्के शास्त्रज्ञांत. ही यादी स्टॅनफर्डचे जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी करतात. २०१९ साली पहिल्यांदा ती एक लाख नावांची होती. तिच्यामागचा विचार वाटतो त्यापेक्षा बराच काळजीपूर्वक आहे. सहा मोजमापं एकत्र केली जातात. एकट्यानं लिहिलेल्या, पहिलं नाव असलेल्या आणि शेवटचं नाव असलेल्या निबंधांना वेगळं पाहिलं जातं. उपशाखेप्रमाणे क्रम दिला जातो आणि स्वतःच स्वतःचे दिलेले दाखले वगळून वेगळा आकडाही छापला जातो. त्याच माहितीतून कळलं की ज्यांचे निम्म्याहून अधिक दाखले स्वतःचे किंवा सहलेखकांचेच आहेत, असे किमान २५० जण त्या लाखात होते. बातमीत यातलं काहीच येत नाही. संपूर्ण कारकिर्दीची यादी वेगळी आणि एका वर्षाची वेगळी, हेसुद्धा येत नाही.

आणि ही सगळी मोजणी स्कोपस नावाच्या सूचीतून होते. तिच्यात जे शिरलं तेच मोजलं जातं, आणि तिच्यात इंग्रजीचं वर्चस्व आहे. रा. चिं. ढेरे यांचं ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ १९८४ साली मराठीत आलं, १९८७ साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पंढरपूरच्या देवाविषयी लिहिणाऱ्या कोणाही अभ्यासकाला, देशी असो की परदेशी, ढेऱ्यांना ओलांडून जाता येत नव्हतं. अ‍ॅन फेल्डहाउस यांचा इंग्रजी अनुवाद आला २०११ साली. मधल्या सत्तावीस वर्षांत इंग्रजी नियतकालिकांच्या सूचीला विठ्ठलाचा जाणकार विचारला असता, तर उत्तरात ढेरे जवळजवळ नसतेच. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांचंही तसंच. ६१७४ या संख्येचा गुण त्यांनी १९४९ साली मद्रासच्या परिषदेत सांगितला, पण जगाचं लक्ष गेलं ते मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिल्यावर. स्थानिक भाषांतलं आणि स्थानिक प्रश्नांवरचं काम या मोजणीत चिरडू नका, हे २०१५च्या ‘लायडन जाहीरनाम्या’तल्या दहा तत्त्वांपैकी एक तत्त्व आहे. मराठीत काम करणाऱ्या इतिहासकाराला, लोकसाहित्याच्या अभ्यासकाला ते कोणत्याही निवड समितीसमोर ठेवता यावं.

आकड्यांचा दबाव खालच्या पातळीवर काय करतो हे पुण्यातच दिसलं. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१०च्या नियमांत प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांक आणले आणि निबंधांची संख्या थेट बढतीशी जोडली गेली. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं फोफावली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी आयोगाच्या मान्य यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली नियतकालिकं तपासली. २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये त्यांनी मांडलं की त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असू शकतात. त्यानंतर ‘केअर’ यादी आली, तिचं कामही पुणे विद्यापीठाकडेच होतं, आणि २०२५च्या सुरुवातीला आयोगानं ती यादीही बंद केली.

या सगळ्यात तज्ज्ञशोधाचं मूळ काम जिथे रोज, मोठ्या प्रमाणावर आणि खऱ्या गरजेपोटी होतं, ती जागा म्हणजे निबंधांना परीक्षक देण्याची. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ‘न्यूरिप्स’ या परिषदेकडे २०२३ साली १२,३४३ निबंध आले. प्रत्येकाला अनेक परीक्षक हवेत, प्रत्येक परीक्षकाकडे मोजकेच निबंध जायला हवेत, आणि लेखकाचा सहकारी किंवा गुरू परीक्षक होता कामा नये. टोरोंटोच्या लॉरां शार्लां आणि रिचर्ड झेमेल यांनी यासाठी केलेल्या व्यवस्थेत परीक्षक आपले जुने निबंध देतो. यंत्र त्या मजकुराची आलेल्या प्रत्येक निबंधाशी तुलना करून जोडीजोडीला गुण देतं आणि मग सगळ्यांचं मिळून उत्तम वाटप काढतं. डेव्हिड मिम्नो आणि अँड्र्यू मॅकॅलम यांनी २००७ साली आणखी एक चांगली गोष्ट सुचवली होती. एकाच माणसाचे दोनतीन वेगळे चेहरे असू शकतात: तो भाषेवरही लिहितो आणि जनुकांवरही. त्याची सरासरी काढू नये, चेहरे वेगळे ठेवावेत. या जगात कोणी कितवा हा प्रश्नच उद्भवत नाही. या निबंधासाठी कोण, एवढाच प्रश्न असतो.

इतकं करूनही जाणकारांचं जमेलच असं नाही. २०१४ साली याच परिषदेनं सुमारे एक दशांश निबंध दोन स्वतंत्र समित्यांकडे पाठवून पाहिले. जवळपास चौथा हिस्सा निबंधांबाबत एका समितीनं स्वीकार केला आणि दुसरीनं नकार दिला.

२०२१ साली संगणकशास्त्रज्ञ मायकल लिटमन यांनी जाहीरपणे लिहिलं की काही परिषदांत लेखकांच्या टोळ्या एकमेकांचे निबंध आपल्याकडे ओढून घेतात आणि चांगले गुण देतात. अशा संगनमतावर कार्नेगी मेलनमधल्या स्टीव्हन जेक्मन, निहार शहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीच उपाय सुचवला होता: कोणत्याही परीक्षकाला ठरावीक निबंध मिळण्याची शक्यता एका मर्यादेपलीकडे जाऊ द्यायची नाही, वाटपात मुद्दाम थोडी चिठ्ठी टाकायची. ‘एएएआय’ परिषदेनं २०२२ साली हे वापरलं. चिठ्ठीमुळे एक अनपेक्षित फायदा झाला: वेगळं वाटप केलं असतं तर काय झालं असतं, याचा अंदाज संशोधकांना त्याच आकड्यांतून बांधता आला. २०२३ साली त्यांनी निष्कर्ष मांडले. चिठ्ठी टाकल्यामुळे परीक्षणाच्या दर्जात पडणारा फरक अगदी थोडा होता. परीक्षकाच्या जुन्या लेखनाचं समोरच्या निबंधाशी किती जुळतं, याला वाटपात अधिक वजन दिलं, तर परीक्षण अधिक जाणकार हातांत जात होतं.